बूटेबल पेनड्राईव्ह: आधी रुफस, मग व्हेंटॉय

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि माझा जुना लॅपटॉप अडकला, मशीन एकदम ठणठणीत पण टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही, त्यामुळे विंडोज ११ सरळ बसत नाही. म्हटलं पेनड्राईव्ह बूटेबल करून, म्हणजे मशीन त्यावरूनच सुरू होईल असा करून, बघू काय काय चालतंय.

सुरुवात रुफसने केली, हे पेनड्राईव्ह बूटेबल करणारं सॉफ्टवेअर. फुकट, ओपन सोर्स, इन्स्टॉल पण करायचं नाही, छोटीशी फाईल डबल क्लिक केली की सुरू. फक्त विंडोजवरच चालतं हे मात्र आहे, मॅक किंवा लिनक्सवाल्यांनी, लिनक्सचा पेनड्राईव्ह करायचा असेल तर, बलेना एचर बघा. आयएसओ (ऑपरेटिंग सिस्टीमची अख्खी इन्स्टॉल डिस्क एका फाईलमध्ये) निवडली की बाकीचं बरंचसं ते स्वतःच भरतं, तुम्ही बघायचं ते पार्टिशन स्कीम (ड्राईव्हचे भाग पाडायची पद्धत), यूईएफआय (मशीन सुरू करणारं नवं फर्मवेअर) असेल तर जीपीटी, जुनं बायोसवालं असेल तर एमबीआर. इथेच सगळे गंडतात, पेनड्राईव्ह व्यवस्थित बनतो पण बूट मेनूत (कशावरून सुरू करायचं त्या यादीत) दिसतच नाही आणि मग शिव्या सॉफ्टवेअरला. फाईल सिस्टीम (पेनड्राईव्हवर फाईली ठेवायची पद्धत) एनटीएफएस का घेतं असं वाटलं, तर फॅट३२ मध्ये ४ जीबीच्या वरची एक फाईल मावत नाही आणि विंडोजची इन्स्टॉल डॉट विम ही मुख्य फाईल बहुतेक वेळा त्याच्या वर जाते. स्टार्ट दाबल्यावर एक छोटी खिडकी येते त्यात टीपीएम, सिक्युअर बूट (फक्त विश्वासू सही असलेलंच सुरू होऊ देणारी सोय) आणि ४ जीबी रॅमची अट काढायची टिक असते, मला हवं होतं ते हेच! पेनड्राईव्हवरचा डेटा सगळा उडतो हं, आधी कॉपी काढून ठेवा.

विंडोज ११ बसलं, चालतंय पण जरा जड वाटतं. म्हणून लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम पण बघायची ठरवली, आणि दरवेळी पेनड्राईव्ह पुसायचा कंटाळा आला म्हणून व्हेंटॉय टाकलं. हे एकदाच पेनड्राईव्हवर बसवायचं, मग आयएसओ फाईली नुसत्या कॉपी पेस्ट करायच्या, बूट केलं की सगळ्यांची यादी समोर. मला तर हेच जास्त पटलं. सिक्युअर बूट चालू असेल तर पहिल्यांदा व्हेरिफिकेशन फेल्ड असा निळा स्क्रीन येतो, घाबरू नका, ओके करून कुठलंही बटण दाबा, एनरोल की फ्रॉम डिस्क घ्या, VTOYEFI नावाचं पार्टिशन निवडा, आतली की फाईल घ्या आणि रीबूट. त्या मशीनवर परत विचारत नाही.