वहिनी, कढीपत्ता कुठल्या जातीचा?

पोह्यांची बशी हातात घेतली की पाहुणे हमखास विचारतात, "वहिनी, कढीपत्ता एवढा घमघमीत! जात कुठली?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: जात चिपळूणची, माझ्या मावशीच्या परसातली. तिच्या झाडाच्या मुळातून फुटलेलं पिल्लू १२ वर्षांपूर्वी एसटीत मांडीवर धरून नाशकात गंगापूर रोडला आणलं. मुळातून फुटलेलं, म्हणजे आईचीच हुबेहूब प्रत. तरी मावशीकडचं पान लांब, लुसलुशीत, वासाला बेताचं. माझं आखूड, जाडसर. चुरगळलं की बोटांचा वास दुपारपर्यंत जात नाही.

पान उन्हासमोर धरून बघा. सुईने टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके दिसतील. त्या तेलाच्या पिशव्या. झाड लिंबाच्या कुळातलं ना! चिपळूणला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, नाशकात ७००च्या आसपास. पाण्याची थोडी ओढ बसली की पानाची वाढ आधी मंदावते, उन्हात साखर बनवणं मात्र पुढेही चालू राहतं. वाढीत न खपलेला माल मग वासाच्या तेलांकडे वळतो. पान लहान, म्हणून ठिपकेही दाटीवाटीने. ओढ फारच झाली तर पानाची रंध्रं मिटतात आणि साखरच बनत नाही. एका एप्रिलात आम्ही गावाला गेलो, परत आलो तर झाडाखाली पानांचा सडा.

माती तिथे तांबडी जांभ्याची, इथे काळी. तिचाही वाटा असेल, पण "नाशिकच्या मातीचा गुण" असं मी म्हणत नाही. कारण याच मातीत एका पावसाळ्यात मी हौसेने दोन मुठी युरिया टाकला होता. झाड असं तरारलं की बघत राहावं! पानं थेट मावशीकडच्यासारखी. कढीला फोडणी दिली, तर कढी होती, पत्ता नव्हता.

डिसेंबरात मात्र आमचं झाड संपावर जातं. नवी फूट बंद, जुनी पानं पिवळी. गार रात्री पानातली साखर खाली उतरायला वेळ लागतो, गारठलेली मुळंही अन्न नीट ओढत नाहीत. मावशी फोनवर चिडवते, "माझं बघ, पौषातही हिरवंगार!" मग तिच्याकडूनच जुडी मागवते. जानेवारीत पोहे खायला आलात तर पानं चिपळूणची असतील. मी दुप्पट घालते.