चार ओळींची जागा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत, ऑफिसच्या वरच्या माळ्यावर, एक कॉम्प्युटर दिवसरात्र चालू असतो. सगळे त्याला सर्व्हर म्हणतात. खरं तर तो एक जुना डेस्कटॉप. लिनक्स घातलं, दोन हार्डडिस्क जोडल्या आणि त्याला बढती मिळाली. बिलं, ड्रॉइंग, तपासणीचे स्कॅन केलेले कागद, सगळं त्याच्या पोटात. माळ्यावर त्याची रवानगी झाली ती धुळीमुळं. मोल्डिंगच्या काळ्या वाळूत कोळशाची पूड मिसळलेली असते आणि ती पूड कॉम्प्युटरच्या पंख्याला फार आवडते. तर तो वर, आम्ही खाली, आणि त्याला स्क्रीन नाही. ‘बॅकअप झाला काय?’ एवढ्या एका प्रश्नासाठी मॉनिटर काखेत मारून लोखंडी शिडी चढायची.

फोनवरून बघता येतं की, असं कुणीही म्हणेल. येतं. मी बघतोही. पण मग ते मला एकट्याला कळतं आणि बाकीचे मला फोन करतात. मला हवी होती भिंतीवरच्या घड्याळासारखी सोय. येता-जाता नजर पडावी आणि कुणाला काही विचारावं लागू नये.

त्याच सुमारास माझ्या दाजींच्या कपाटातून एक पाम थ्री, म्हणजे खिशातली इलेक्ट्रॉनिक डायरी, निघाला. दाजी २००० सालच्या आसपास बेंगळुरूला नोकरीला होते आणि शर्टाच्या खिशात पाम असणं ही तेव्हा चालू शतकात असल्याची खूण होती. आजच्या मुलांना हे यंत्र समजावून सांगणं कठीण जातं. फोन नाही, कॅमेरा नाही, इंटरनेट नाही. मग होतं काय? पत्ते, भेटींच्या वेळा, कामांची यादी, टिपणं. १६० बाय १६० ठिपक्यांचा करडा पडदा, दोन एमबी मेमरी आणि एक बारीक काडी. त्या काडीनं अक्षरं काढायची तीही पामच्या पद्धतीनं, ‘ए’ची मधली रेघ वगळून वगैरे. दाजींचं मराठी अक्षर त्यामुळंच बिघडलं असं ताईचं म्हणणं आहे. लग्नाआधीची पत्रं तिच्याकडं असल्यामुळं यावर वाद घालता येत नाही.

या यंत्राचा माझ्या कामाचा भाग म्हणजे त्याचं बूड. पाम ज्या बैठकीवर उभा राहतो तिच्या वायरीच्या टोकाला नऊ पिनांचं सीरियल पोर्ट असतं, आणि माळ्यावरच्या म्हाताऱ्या डेस्कटॉपच्या पाठीवरही तसलंच पोर्ट आहे. नव्या कॉम्प्युटरांवरून ते केव्हाच गेलं. यूएसबीची साधी वायर पाच मीटरच्या पुढं नेली की कुरकुर सुरू होते. सीरियलची पन्नास फूट सहज जाते. माळ्यावरून भिंतीच्या कडेकडेनं खाली हिशेबनिसाच्या टेबलापर्यंत यायला तेवढी पुरे झाली.

पुढचं काम आधीच कुणीतरी करून ठेवलेलं असतं, हा लिनक्सवाल्यांच्या दुनियेतला मोठा सुखाचा भाग. मॅट्रिक्स ऑर्बिटल नावाची एक कॅनडातली कंपनी सर्व्हरला लावायचे छोटे एलसीडी पडदे बनवते. पामऑर्ब नावाचा एक चिमुकला प्रोग्राम पामवर चढवला की पाम स्वतःला तसला पडदा म्हणवून घेतो. सर्व्हरवर एलसीडीप्रॉक नावाचं सॉफ्टवेअर बसवायचं. ते त्या पोर्टवरून चार ओळी पाठवत राहतं, आणि समोर खरा पडदा आहे की पंचवीस वर्षांपूर्वीची डायरी, याची त्याला काही पडलेली नसते. सेकंदाला ९६०० बिटच्या वेगानं साधारण ९६० अक्षरं जातात. चार ओळी, प्रत्येकी वीस अक्षरं, म्हणजे सगळा पडदा भरायला सेकंदाचा बारावा भाग. ज्या वेगानं आज एक फोटोही धड येणार नाही, तो वेग इथं ऐसपैस आहे.

अडलं ते सेलपाशी. पाम थ्रीला बारीक पेन्सिल सेल लागतात, दोन. डायरी म्हणून वापरताना ते आठवडेच्या आठवडे पुरत, कारण माणूस दिवसातून काही मिनिटंच ती उघडायचा. पडदा चोवीस तास जागा ठेवला तर सेलवाल्याची चांदी. याच्यानंतरच्या पाम फाइव्हला आत चार्ज होणारी बॅटरी होती आणि बैठकीवरच ती चार्ज व्हायची, म्हणून तो जास्त आधुनिक. पण ती बॅटरी आतच चिकटवलेली, आणि इतक्या वर्षांनी ती मेली की अख्खं यंत्र गेलं. सेलवाला पाम मात्र खडे बाजारातल्या कुठल्याही दुकानातून पुन्हा जिवंत होतो. कमी हुशार वस्तू जास्त टिकते, असा माझा जुना संशय आहे.

दोन सेल म्हणजे तीन व्होल्ट. तीन व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर मिळतो, पण त्याच्या तारा लावायच्या कुठं? सेलच्या जागी सेलच्याच मापाचं काहीतरी हवं. मग फौंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये गेलो.

पॅटर्न शॉप ही फौंड्रीतली माझी सगळ्यात आवडती जागा. बाकी सगळीकडं काळं आणि गरम. इथं सागवानाचा वास. ओतकामाचा कुठलाही भाग, पंपाचं घर असो की व्हॉल्व्हची बॉडी, आधी इथं लाकडात जन्मतो. त्या लाकडी नगाभोवती, म्हणजे पॅटर्नभोवती, वाळू ठोकायची, नग काढून घ्यायचा, राहिलेल्या पोकळीत लोखंड ओतायचं. बिडाचं लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आक्रसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. त्यासाठी मिस्त्रींकडं वेगळी पट्टी असते, तिच्यावरचे इंच मुळातच ताणलेले. बाहेरच्या माणसानं त्या पट्टीनं पायजमा शिवायला दिला तर ढगळ होईल.

मिस्त्रींना सेल दाखवला. साडेदहा मिलिमीटर जाडी, साडेचव्वेचाळीस लांबी. त्यांनी तो बोटांत फिरवला.

“लाकडाचा सेल करून देतो की. खरं त्यात करंट कुठनं येणार?”

“तार जोडायची आहे, मामा. दोन्ही टोकांना पितळी स्क्रू बसवा.”

“ह्याला आक्रस किती धरायचा?” असं म्हणून ते स्वतःच हसले. चहा येईपर्यंत दोन्ही सेल तयार होते, पॉलिश पेपर मारून, इतके देखणे की आत कोंबायला जीव होईना.

नंतर जाणवलं की पाम सुरुवातीला लाकडाचाच होता. जेफ हॉकिन्स या त्याच्या कर्त्यानं कुठलंही सर्किट बनवायच्या आधी खिशात मावेल असा लाकडाचा ठोकळा कापला, चॉपस्टिकची काडी केली आणि तो ठोकळा खिशात घेऊन हिंडू लागला. कुणी भेटीची वेळ विचारली की तो बाहेर काढायचा आणि काडीनं टकटक केल्याचं नाटक करायचं. लोक काय म्हणाले असतील ते असो, पण कुठलं बटण खरोखर लागतं आणि कुठलं नाही हे त्यातून ठरत गेलं. १९९६ साली पहिला पाम ‘पायलट’ या नावानं बाजारात आला तो खिशात मावणारा आणि मोजकंच करणारा. आमच्या मिस्त्रींना ही गोष्ट सांगितली तर त्यांना नवल वाटलं नाही. आधी लाकूड, मग बाकीचं, यात सांगण्यासारखं काय आहे असा त्यांचा चेहरा.

एक खोड मात्र कायमची. पाम थ्रीची सगळी स्मरणशक्ती विजेवर. वीज तुटली की जेमतेम मिनिटभर तो दम धरतो आणि मग पामऑर्बसकट वरून चढवलेलं सगळं विसरतो. पुन्हा सुरू केला की नव्या नवरीसारखा कोरा. ‘इथं टोचा, तिथं टोचा’ म्हणत पडद्याची मापं घ्यायला लागतो. आमच्याकडं पावसाळ्यात करंट जाणं ही बातमी नव्हे, म्हणून त्याचा अ‍ॅडॉप्टरही सर्व्हरच्या यूपीएसवरच लावला. पामऑर्बची प्रत सर्व्हरवर ठेवलेली आहे; विसरलाच तर पायलट-लिंक नावाच्या प्रोग्रामनं त्याच वायरीतून पुन्हा चढवता येते. म्हणजे ज्याची खबर तो देतो, तोच त्याला पुन्हा शिकवतो.

यंत्राचं भागलं आणि खरा प्रश्न समोर आला, ऐंशी अक्षरांत लिहायचं काय? एलसीडीप्रॉक आपण होऊन प्रोसेसरवर किती ताण, मेमरी किती भरली असलं दाखवतं. ते फौंड्रीत कुणाला हवंय? मोठ्या पडद्यावर असला विचार करावाच लागत नाही, सगळं टाकून द्यायचं. इथं प्रत्येक ओळ मागून घ्यावी लागते. पहिली ओळ बॅकअपची, तारीख आणि वेळ. तिच्यावर वाद नव्हता. दुसरी करंटची, आहे की गेला, आणि गेला असेल तर यूपीएस किती मिनिटं तग धरेल. करंट गेलेला दिसतोच की, असं मालक म्हणाले. पण किती मिनिटं हे दिसत नाही, हे त्यांना पटलं. तिसरी ओळ डिस्कवर उरलेल्या जागेची. पामला देवनागरी येत नाही, तेव्हा इंग्रजी अक्षरांत मराठी, व्हॉट्सअ‍ॅपवर सगळे लिहितात तशी.

चौथी ओळ मोकळी राहिली आणि तिथं भाऊबंदकी सुरू झाली. हिशेबनिसाचं म्हणणं, टेबल माझं, तेव्हा जीएसटी भरायच्या तारखेला किती दिवस राहिले ते तिथं पाहिजे. दर महिन्याची वीस तारीख त्यांना स्वप्नातही दिसते. सुपरवायझरला तिथं भट्टीचा पुढचा हीट, म्हणजे लोखंड वितळवायची पुढची खेप, हवा होता. मालकांनी ‘आज डिस्पॅच’ सुचवलं आणि कुणी काही बोललं नाही, म्हणजे पसंत पडलं नाही. मिस्त्री कधी नव्हे ते ऑफिसात आले, पामवर आपले सेल चालतायत ना ते बघितलं, आणि जाता जाता म्हणाले, “संकष्टीला चंद्रोदयाची वेळ लावा की तिथं. बेळगावची. घरी जाऊन उपास कधी सोडायचा ते तरी कळंल.”

सगळ्यांचं एकमत झालेली ही एकच सूचना. महिनाभर त्या ओळीत जीएसटी असतो, संकष्टीला मात्र तो बाजूला होतो. संकष्टी आणि वीस तारीख एका दिवशी आली तर काय करायचं, यावर हिशेबनीस आणि मिस्त्री अजून भांडतायत.