झूम, फ्लॅश आणि धूळ: कॉम्पॅक्ट कॅमेरा घेण्याआधी मी काय काय तपासलं

दुकानात जाण्याआधी मी मोबाइलमधले वर्षभराचे फोटो चाळले आणि कागदावर चार रकाने आखले: लांबचं, रात्रीचं हलतं, उन्हातले चेहरे, बाकी सगळं. जो फोटो मनासारखा आला नव्हता त्याचीच खूण करायची. गॅलरीत फोटो उघडून वर सरकवला की बहुतेक मोबाइलांत शटर (सेकंदाचा किती भाग प्रकाश आत आला) आणि आयएसओ (तो प्रकाश किती वाढवून घेतला) दिसतात. फोटो का बिघडला ते या आकड्यांवरून कळतं. शटर १/१५ आणि माणसं पुसट, म्हणजे प्रकाश अपुरा होता. शटर १/५०० असूनही चित्र लापशीसारखं झालेलं, म्हणजे दोन बोटांनी ओढून मोठं केलेलं.

चौथ्या रकान्यात एकही खूण पडली नाही. सातबारा, खताची पावती, केळीच्या पानावरचे करप्याचे ठिपके, भरीत-कळण्याच्या भाकरीचं ताट, हे सगळं मोबाइल नीट टिपतो आणि लगेच पाठवतोही. ज्यांची गरज एवढीच आहे त्यांनी इथेच थांबावं, कॅमेऱ्यावर पैसे घालू नयेत. माझ्या खुणा पहिल्या तीन रकान्यांत होत्या, म्हणून पुढचा हिशोब मांडला.

आधी झूम. मोबाइलची मुख्य लेन्स साधारण २४ मिमी धरतात; हा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ येतं. टेलिफोटो लेन्स नसलेल्या मोबाइलवर पाच पट झूम केलं की चित्राचा फक्त पंचविसावा भाग उरतो, म्हणजे ५० मेगापिक्सेलचे २ राहतात. ६×४ इंची प्रिंट ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) काढायची तर १८००×१२०० पिक्सेल, म्हणजे जेमतेम तेवढेच लागतात. दहा पट केलं की अर्धा मेगापिक्सेल. हतनूर धरणावरची बदकं असोत की मेहरूण तलावाच्या पलीकडचा बगळा, मोबाइल तिथे मुळातच तोकडा पडतो. पिक्सेलच नाहीत, तर सॉफ्टवेअर काय करणार?

मग ४० पट झूमचा कॅमेरा घेतला की काम झालं, असं वाटतं. चूक होते ती इथेच. कॅनन एसएक्स७४० एचएससारख्या खिशातल्या कॅमेऱ्यात २४ ते ९६० मिमी झूम मिळतो, पण त्यासाठी सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चकती, छोटा ठेवावा लागतो: १/२.३ इंच, प्रत्यक्षात साधारण ६.२×४.६ मिमी. चांगल्या मोबाइलचा १/१.३ इंची सेन्सर याच्या दुपटीहून मोठा असतो. शिवाय पूर्ण झूमला लेन्स एफ/६.९ वर येते; एफचा आकडा वाढला की लेन्सचं छिद्र लहान होतं. एफ/२.८ च्या तुलनेत सेन्सरवर सहापट कमी प्रकाश पडतो. सकाळी नऊला धरणावर हा कॅमेरा सुरेख चालतो. सूर्य कलला की आयएसओ १६०० च्या वर जातो आणि पिसांचा लगदा होतो.

दुसरी जात ‘एक इंची’ सेन्सरची. नावावर जाऊ नका, यात एक इंच कुठेच नाही. जुन्या व्हिडिओ नळ्यांच्या बाहेरच्या व्यासावरून हे नाव चालत आलंय. सेन्सर असतो १३.२×८.८ मिमी, म्हणजे छोट्या सेन्सरच्या चौपट. सोनीच्या आरएक्स१०० ने २०१२ मध्ये हा आकार खिशात आणला. कॅननच्या जी७एक्स मार्क ३ ला २४ ते १०० मिमी, एफ/१.८ ते २.८ लेन्स आहे. पक्षी विसरा, पण माणसांसाठी हीच जात.

तपासणीसाठी मी अशा जागा निवडल्या जिथे मोबाइल अडतो. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे आणि आत अंधार. तिथे मोबाइलच्या नाइट मोडने मला चकित केलं. चित्र हलत नाही, त्यामुळे मोबाइल बरीच छायाचित्रं एकावर एक रचून स्वच्छ प्रतिमा काढतो. स्थिर वस्तूसाठी अंधारातही कॅमेऱ्याची गरज नाही, हे मी तिथेच लिहून ठेवलं.

कानबाईच्या, म्हणजे खानदेशातल्या देवीच्या उत्सवाच्या, रात्री उलट झालं. बायका फेर धरून नाचत होत्या. रचलेल्या छायाचित्रांत मोबाइलला हात-पदर जुळवता येईनात, बोटं पुसट झाली. एक इंची कॅमेरा एफ/१.८, शटर १/१००, आयएसओ १६०० वर ठेवला आणि चेहरे जागेवर राहिले. शटर १/१०० च का? आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि हलक्या प्रतीचे एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. १/१०० ला एक आणि १/५० ला दोन पूर्ण लहरी पकडल्या जातात. १/२५० ला, विशेषतः इलेक्ट्रॉनिक शटरवर, आडवे काळे पट्टे उमटतात. ते नंतर पुसणं फार अवघड.

तिसरी परीक्षा आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यांची, आणि माझ्या मते कॉम्पॅक्टची खरी ताकद इथे आहे. निंबाच्या सावलीत झोका, मागे वैशाखाचं ऊन. मोबाइलमध्ये एक तर चेहरा काळा, नाहीतर मागचं शेत पांढरंफटक. कमी-जास्त उजेडाची छायाचित्रं जोडणारं एचडीआर लावलं तर वेगातला झोका दुहेरी दिसतो. या कॅमेऱ्यांत शटर लेन्सच्या आतच असतं, म्हणून फ्लॅश १/१००० च्याही पुढे जुळतो. मोठ्या कॅमेऱ्यांचं बहुधा १/२०० ते १/२५० ला थांबतं. आयएसओ १२५, एफ/४, शटर १/१६००, फ्लॅश सक्तीने चालू, अंतर दोन मीटरच्या आत: चेहरा उजळ, झोका गोठलेला, आभाळ निळं. मोबाइलच्या एलईडी दिव्यात हा झटका नसतो.

आता आपल्या भागाची अडचण. बहुतेक कंपन्या वापराचं तापमान ० ते ४० अंश देतात. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. कॅमेरा डिक्कीत किंवा गाडीच्या काचेखाली राहिला तर बॅटरी फुगू शकते. मी तो सुती फडक्यात गुंडाळून पिशवीत, अंगाजवळ ठेवतो. दुपारच्या उन्हात पडद्यावर काहीच दिसत नाही. व्ह्यूफाइंडर नसेल तर उजेड पूर्ण वाढवून तळहाताची सावली धरावी लागते. दुकानातल्या एसीत हे कळत नाही, म्हणून कॅमेरा दाराबाहेर आणून पाहिला.

दुकानात स्वतःचं कार्ड घेऊन जावं. झूम आत-बाहेर दहा वेळा चालवून कुरकुर ऐकावी, दोन्ही टोकांना फोकस तपासावा. एफ/११ ला, किंवा मिळेल त्या सर्वांत मोठ्या एफ आकड्याला, पांढरी भिंत टिपून फोटो मोठा केला की सेन्सरवरची धूळ ठिपक्यांसारखी दिसते. लेन्स झाकून काढलेल्या काळ्या फोटोत पांढरे बिंदू शोधावेत. जुना कॅमेरा असेल तर बॅटरी सपाट टेबलावर ठेवून फिरवावी. भिंगरीसारखी फिरली तर ती फुगली आहे. फार जुने कॅमेरे २ जीबीच्या वरचं एसडीएचसी कार्ड वाचतच नाहीत आणि ऑलिम्पस-फुजीच्या जुन्या कॅमेऱ्यांना लागणारं एक्सडी कार्ड आता सहज मिळत नाही. नव्या कॅमेऱ्यांतही एका चार्जवर २०० ते २६० फोटो धरावेत, म्हणजे लग्नाला दुसरी बॅटरी हवीच.

शेवटी मी एक इंची, २४ ते १०० मिमीचा घेतला आणि हतनूरची बदकं सोडून दिली. माझ्या कागदावर पहिल्या रकान्यापेक्षा दुसरा-तिसरा जड होता. ज्याचा पहिला जड असेल त्याने लांब झूमचा घ्यावा, पण दिवसाउजेडीच वापरायचा हे धरून.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारातली धूळ मात्र दोन्ही जातींना सारखीच छळते. लेन्सची नळी आत जाताना अंगावरची धूळ घेऊनच आत जाते. पुढच्या पात्या अर्ध्यावर अडकतात आणि पडद्यावर लेन्स एरर येतो. म्हणून बंद करण्याआधी नळी खाली धरायची, रबरी ब्लोअरचे पाच-सहा झोत मारायचे आणि मगच बटण दाबायचं. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकीचे कण काचेवर चिकटतात.