हळद घातली तरी बलक फिकाच

गेल्या उन्हाळ्यात पारनेर तालुक्यातल्या एका लेयर शेडवरून, म्हणजे अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्या शेडवरून, बोलावणं आलं. तक्रार आजाराची नव्हती. कोंबड्या तरतरीत होत्या, अंडीही बरी पडत होती. पण हॉटेलवाल्याने माल परत पाठवला होता, ऑम्लेट पांढरं दिसतं म्हणून. शेडच्या मालकीण ताईंनी माझ्यासमोर बशीत अंडं फोडलं. बलक चांगला उभा राहिला, पण रंग तुपासारखा.

खाद्य मुठीत घेतल्यावर उलगडा झाला. मका महागला म्हणून त्याच्या जागी तांदळाची कणी आली होती. पोट कणीने भरतं, रंग मात्र मिळत नाही. कोंबडी बलकाचा रंग स्वतः बनवत नाही; मका, हिरवा चारा, झेंडू यांतल्या कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांमधून तो उतरतो. ताईंनी उपाय म्हणून भरपूर हळद घातली होती. खाद्य पिवळंधमक, अंडी जशीच्या तशी! हळदीतला पिवळा रंग म्हणजे कर्क्युमिन, ते कॅरोटिनॉइड नव्हे. ते आतड्यातून जेमतेम शोषलं जातं, त्यामुळे बलकापर्यंत फारसं पोचतच नाही. हळद वाईट नाही, पण हे काम तिचं नाही.

मी लाल मिरची सुचवली तशा ताई दचकल्या. "अहो डॉक्टर, मुक्या जिवाला तिखट घालायचं? पोटात आग नाही का पडायची?"

"ताई, पोपट मिरची कशी खातो?"

तिखटाची आग आपल्याला मज्जातंतूंवरच्या ज्या रिसेप्टरमुळे जाणवते, तो पक्ष्यांतही असतो, पण मिरचीतल्या तिखट द्रव्याला, कॅप्साइसिनला, दाद देत नाही. तरी त्यांचा विश्वास बसेना. मग घरातलं तिखट आणून थोड्या कणीवर भुरभुरलं. कोंबड्या तुटून पडल्या. एकीच्या चोचीला तांबडी पूड चिकटली होती, तशीच ती पुन्हा टिपायला लागली. ताई बघतच राहिल्या.

"मग आहेच की," म्हणत त्यांनी कोपऱ्यातलं पोतं ओढलं. बाजारातून स्वस्तात आणलेली फटकी, म्हणजे रंग उडालेली हलकी मिरची. तोंड सोडताच कुबट वास आला. देठांपाशी राखाडी बुरशी. मी ते तिथेच बाजूला काढायला लावलं. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष यकृतावर घाव घालतं, आणि बलकातली चरबी यकृतातच तयार होते. शिवाय फटकीत रंग तरी कुठे उरलेला असतो? माणसाच्या ताटातून नाकारलेला मसाला कोंबडीला चालतो, हा समज मला फार शेडवर भेटतो आणि दरवेळी संताप येतो. ही अंडी शेवटी आपलीच मुलं खातात.

नुसती मिरचीही पुरत नाही. आधी पिवळा पाया लागतो, त्यावर लाल चढला की केशरी छटा येते. म्हणून निम्मी कणी काढून मका परत घ्यायला सांगितला, बांधावरचं लसूणघास रोज कापून टाकायचं, आणि शंभर किलो खाद्याला अर्धा किलो स्वच्छ, कडक वाळलेल्या ब्याडगीची पूड. बलक साधारण दहा दिवस भरत असतो, त्यामुळे पुरता रंग यायलाही तेवढे दिवस जातात. हॉटेलवाल्याकडून ताईंनी तेवढी मुदत माझ्यादेखत फोनवर मागून घेतली.