दरड वरून की खालून?

नाशकात रंग धुळवडीला नाही, पंचमीला खेळतात. २०२४ साली रंगपंचमी ३० मार्चला, शनिवारी आली. दुसऱ्या दिवशी रविवार असला तरी मार्चअखेर म्हणून मी ऑफिस उघडलं. कानामागचा जांभळा रंग निघाला नव्हता. जीएसटीचे कागद पुढ्यात घेते न घेते तोच कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेहून फोन आला. तिकडे शनिवारची रात्र होती.

"ताई, हायवे वन खचलाय. बिग सरला जायचा रस्ताच बंद."

मी परदेशी सहली आखून देते. झेंडा धरून चाळीस माणसं फिरवायची तसल्या नाहीत. ज्यांना आपापलं फिरायचंय त्यांचे मुक्काम, अंतरं, बुकिंग, व्हिसाचे कागद बघायचे. हे कुटुंब दिंडोरी तालुक्यातलं. अण्णा द्राक्ष बागाईतदार, काकू, आणि सॅन होजेला नोकरीला असलेला मुलगा, सून, लहान नात. आईबाबा पहिल्यांदाच येताहेत म्हटल्यावर मुलाला त्यांना सगळं दाखवायचं होतं: सॅन फ्रान्सिस्को शहर, नापाची वाईन आणि पॅसिफिकच्या कडेकडेने, बिग सरच्या डोंगराळ किनाऱ्यावरून जाणारा तो प्रसिद्ध हायवे वन.

तारखा मात्र कॅलिफोर्नियाच्या हवेवर ठरल्याच नाहीत, त्या दिंडोरीच्या बागेने ठरवल्या. माझं म्हणणं सप्टेंबर-ऑक्टोबरचं होतं. जून ते ऑगस्ट सॅन फ्रान्सिस्कोत धुकं नि गार वारा असतो. आतलं खोरं तापतं आणि समुद्रावरची गार हवा खाडीच्या तोंडातून आत ओढली जाते. सप्टेंबरपासून शहर उघडं पडतं, आणि वाईनच्या बागांत तोडणीही तेव्हाच चालू असते. अण्णा म्हणाले, "ऑक्टोबरात आमची गोडी छाटणी. त्या टायमाला मला स्वर्गात बोलावलं तरी जमायचं नाही." गोडी म्हणजे फळासाठीची छाटणी. मग एप्रिलमधली खरड छाटणी, म्हणजे जुन्या काड्या काढायची, उरकायची आणि पाऊस पडायच्या आत परत यायचं, असा मे महिना निघाला.

आखणीत नापाशी माझं पहिल्यापासून जमत नव्हतं. नापा सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, बिग सर दक्षिणेला. म्हणजे सॅन होजेहून वर सॅन फ्रान्सिस्को, आणखी वर नापा, मग पुन्हा तेच शहर पार करून खाली मॉन्टेरे. म्हातारी माणसं आणि लहान पोर गाडीत. पण "वाईन म्हणजे नापा" हे मुलाच्या डोक्यात पक्कं, आणि त्यात त्याची चूक म्हणता येणार नाही. १९७६ साली पॅरिसला डोळे झाकून चव घेतली तेव्हा नापाच्या दोन वाईन्सनी फ्रेंचांना मागे टाकलं, तेव्हापासून जगाच्या डोक्यात तेच आहे.

गंमत अशी की अण्णा माळकरी. दारूचा थेंब नाही. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं होतं, "तिथं बाग बघायला मिळंल का? नुसतं खुर्चीवर बसून ग्लास हलवायचा असंल तर मी आपला बाहेर उभा राहीन. आपल्या बागेला खुंट सगळा डॉगरिजचा, तो अमेरिकेचाच. त्याचं माहेर तरी बघून येऊ." डॉगरिज, म्हणजे ज्याच्यावर द्राक्षाचं कलम बांधतात तो खुंट, टेक्सासचा, कॅलिफोर्नियाचा नव्हे, पण ते मी त्यांना सांगत बसले नाही.

तर तो रविवार. मी कॅलट्रान्सचा, म्हणजे तिथल्या रस्ते खात्याचा, नकाशा उघडला. कार्मेल ते सॅन सिमियन हा सुमारे १४५ किलोमीटरचा पट्टा १९३७ साली पूर्ण खुला झाला. काही भाग सॅन क्वेंटिन तुरुंगातल्या कैद्यांकडून बांधून घेतला होता. सांता लुसिया डोंगर इथे थेट समुद्रात उतरतो. खडक चुरगळलेला, भुसभुशीत, खालून लाटा पोखरतात, वरून हिवाळ्यातला पाऊस मुरतो. दर दोनचार वर्षांनी कुठेतरी तुटायचाच तो. २०१७ साली मड क्रीकला अख्खा डोंगर रस्त्यावर येऊन समुद्रात गेला, तेव्हा रस्ता पुन्हा सुरू व्हायला पुढच्या वर्षीचा जुलै उजाडला. जानेवारी २०२३ पासून पॉल्स स्लाइड नावाच्या दरडीमुळे दक्षिणेकडून सलग जाता येत नव्हतं. म्हणूनच मी बिग सर 'आत जा, दोन रात्री राहा, आल्या वाटेने बाहेर या' असं बसवलं होतं.

आता ती आली वाटच गेली होती. शनिवारी दुपारी रॉकी क्रीकच्या पुलाजवळ समुद्राच्या बाजूच्या लेनचा लचका सुटून खाली पडला होता. ईस्टरची सुट्टी, आत शेकडो पर्यटक अडकलेले. बिक्सबीचा पूल, ज्याच्यापुढे मुलाला आईबाबांचा फोटो काढायचा होता, तो तुटलेल्या जागेच्या पलीकडे, अगदी थोड्या अंतरावर.

मुलाचं म्हणणं, थांबू या. "एक लेन शाबूत आहे ताई. ताफ्याने गाड्या सोडणार म्हणतात. आपल्याला अजून सहा आठवडे आहेत."

माझ्यापुढे दुसरा हिशेब होता. लॉजचे पैसे परत मिळायची मुदत अजून हातात होती. मे उजाडला की ती गेली असती, आणि आतल्या मोजक्या खोल्यांचे दर काय असतात हे न बोललेलंच बरं. ताफे सुटणार होते ते अडकलेल्यांना बाहेर काढायला आणि तिथे राहणाऱ्यांसाठी. सहलीच्या गाड्यांना कधी सोडतील हे खात्यालाही ठाऊक नव्हतं. पण 'कळत नाही' एवढ्यावर कुणाची हौस मोडणं जड जातं. मी दिंडोरीला फोन लावून अण्णांनाही कॉलवर घेतलं. मागे मोटरचा आवाज येत होता, बागेतच होते.

सगळं ऐकून घेतलं आणि त्यांनी एकच विचारलं: "दरड वरनं आली का खालनं गेली?"

मुलगा म्हणाला, "म्हणजे?"

"वरनं आली आसंल तर जेसीबी लावून चार दिसात उचलत्यात. कसाऱ्याला बघतो ना आपण. खालची माती गेली आसंल तर आधी तळ बांधावा लागतो, मग रस्ता. फोटो धाड."

मुलाने बातमीतला फोटो पाठवला. डांबराची कड दाताने चावल्यासारखी तुटलेली, पिवळी रेघ शाबूत, आणि खाली सरळ समुद्र. पाच मिनिटांनी अण्णांचा आवाज आला, "खालनं गेलीय. सोडून द्या."

खरं सांगायचं तर बातमीत मी तोवर फक्त 'बंद की चालू' एवढंच बघत होते.

मग मोकळेपणाने कागद पुढे ओढला. समुद्राकाठचा रस्ता नाही म्हणजे आतला १०१ नंबरचा हायवे. मॉन्टेरेहून सॅलिनास खोऱ्यातून, लेट्युस आणि स्ट्रॉबेरीची शेतं बघत, दोन तासांत पासो रोब्लेस. तिथून ४६ नंबरचा रस्ता बागांमधून डोंगर ओलांडून पाऊण तासात केंब्रियाला, पुन्हा समुद्रावर. म्हणजे वाईनच्या बागा वाटेतच होत्या, आणि नापाचा उलटा हेलपाटा आपोआप गळून पडत होता. मुलगा थोडा घुटमळला. मी म्हटलं, "तुम्ही सॅन होजेला राहता. नापा तुम्हाला कुठल्याही शनिवार-रविवारचं आहे. अण्णांना पासो दाखवा."

पासोचं नाव मुलाने फारसं ऐकलं नव्हतं. तिथली जुनी ओळख झिनफँडेल या वाईनच्या द्राक्षाची. पोलंडचा पियानोवादक आणि पुढे पंतप्रधान झालेला पादेरेव्स्की हात दुखतात म्हणून तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर आला, जमीन घेऊन बसला आणि त्याने झिनफँडेल लावलं. झिनफँडेल नाशिककरांना नवं नाही. नाशिकच्या सुला वायनरीने आपल्याकडे ते सुरुवातीच्या काळातच आणलं, आणि त्यांना वाईन करायला मदत करणारा केरी डॅमस्की कॅलिफोर्नियातल्या सोनोमाचाच. अण्णांच्या ओळखीतले दोघेतिघे वाईनची द्राक्षं लावणारे आहेत. स्वतः ते खायच्या द्राक्षातले, थॉमसन जातीवाले.

दुपारभर मी वायनरींना मेल लिहिले. नेहमी टेस्टिंगची वेळ मागते, या वेळी लिहिलं की पाहुणे द्राक्ष उत्पादक शेतकरी आहेत, पीत नाहीत, त्यांना कुणी बाग दाखवील का. बऱ्याच ठिकाणांहून पुढे साचेबद्ध उत्तरं आली, टेस्टिंगचे दर आणि वेळा. एका छोट्या, घरच्या लोकांनी चालवलेल्या ठिकाणाहून मात्र सोमवारी पहाटे मेल आला होता: बागेचं काम बघणारा माणूस तासभर फिरवील, फक्त पाहुण्यांच्या वेली कुठल्या पद्धतीच्या आहेत ते आधी कळवा. मी अण्णांकडून त्यांच्या 'वाय' आकाराच्या मांडवाचा फोटो मागवून पाठवला.

लॉजला फोन करायला रात्रीचे साडेनऊ वाजवावे लागले, तेव्हा तिथे सकाळचे नऊ. बाईंनी पुढच्या वर्षीचं क्रेडिट देऊ केलं. पुढच्या वर्षी अण्णा येणार नाहीत, पैसेच परत करा, हे तीनदा वेगवेगळ्या शब्दांत म्हटल्यावर पैसे कबूल झाले.

बाकीचं पटापट झालं. सॅन फ्रान्सिस्कोत दोन रात्री, पण गाडी हॉटेलात उभी ठेवून पायी, बसने आणि केबल कारने. गाडीत पिशवी दिसली तर काच फुटते, हे तिथे राहणाऱ्यांना सांगायला लागत नाही. अल्काट्राझ या जुन्या तुरुंगाच्या बेटाची तिकिटं लगेच, कारण ती आठवडेच्या आठवडे आधी संपतात. पासोत स्वयंपाकघर असलेलं घर, कारण काकूंना दोन दिवसांपलीकडे ब्रेड चालत नाही. केंब्रियाजवळ पिएद्रास ब्लांकासला एलिफंट सील, जे मे महिन्यात कात टाकायला वाळूवर येऊन पडलेले असतात.

शेवटी अण्णांचा फोन आला, खासगी आवाजात. "ताई, येताना एखादी काडी आणता येईल का? पेपरात गुंडाळून?"

"अण्णा, अजिबात नाही. काडी नाही, पान नाही, माती नाही." परदेशातून रोग येतो तो असाच, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक. तरी विचारायचा मोह झालाच. वर सांगितलं की जातानाही बागेतले बूट घालू नका. अमेरिकेत उतरताना शेतावर गेला होता का म्हणून विचारतात, तिथे खरं सांगायचं, आणि बूट नवेच न्यायचे.

मे महिन्यात सगळे गेले. रॉकी क्रीकला एका लेनवर सिग्नल लावून दिवसरात्र वाहतूक सुरू झाली १७ मेला. आमची मंडळी पासोला पोचून गेली होती. पॉल्स स्लाइडचं काम जूनमध्ये उरकलं, पण तोवर जवळच रीजेंट्स स्लाइड नावाची दुसरी दरड बसली होती. तो पट्टा सलग खुला व्हायला २०२६ चा जानेवारी उजाडला.

पासोहून अण्णांचा व्हॉइस मेसेज आला तेव्हा आमच्याकडे पहाट होती. लांबलचक होता. वेलींना ना तार, ना मांडव, ना ठिबक. कमरेएवढं जाड खोड, वर सगळीकडे फुटलेल्या काड्या, तुळशीच्या रोपासारखी सुटी सुटी उभी. फुलोरा नुकता सुरू झालेला, आपल्याकडे तो दिवाळीनंतर दिसतो. रानाला नुसतं पावसाचं पाणी, आणि दिवस-रात्रीच्या तापमानात वीस अंशांहून जास्त फरक, म्हणून म्हणे चव येते. त्या माणसाने अण्णांना मूठभर माती हातात दिली, अण्णांनी ती हुंगून परत तिथेच टाकली, हे दोनदा सांगितलं. मग खरा मुद्दा आला. "एकरी दोन टन म्हणतो हो तो! दोन! आपल्याकडं दहा निघाले तर लोक तोंड वाकडं करत्यात. मी विचारलं, यात तुमचं भागतं कसं? तर पोराला नीट सांगता येईना. तुम्ही विचारा बरं त्यांना इंग्रजीत."

मी मेल केला. उत्तर दोन ओळींत आलं. द्राक्ष विकत नाही, बाटली विकतो, आणि बऱ्याचशा बाटल्या दारात आलेल्या पाहुण्यांनाच विकतो.

अण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हंजे तुमच्याच धंद्यावर चाललंय की त्यांचं. मग आम्ही न पिता तास खाल्ला त्याचा, पोराला एक बाटली घ्यायला सांगतो."

त्याने दोन घेतल्या.