पौषातली मालवण फेरी : गगनबावड्याने उतरून फोंडा घाटाने परत

हिवाळ्यात कोकणात उतरायचं म्हटलं की कोल्हापुरात कुणी फारशी तयारी करत नाही. पावसाळ्यात राधानगरी धरणाचे दरवाजे, पंचगंगेची पातळी, घाटातली दरड असं सगळं विचारून निघणारी माणसंही पौषात चहा घेऊन पहाटे पाचला गाडी काढतात. या रस्त्याला पहाटे पाच ही वाईट वेळ आहे. नदीकाठ, घाटमाथा आणि किनारा असे तीन पट्टे या फेरीत लागतात आणि प्रत्येकाची धोक्याची वेळ वेगळी असते. नदीकाठची पहाटेची, घाटमाथ्याची रात्रीची, किनाऱ्याची दुपारनंतरची. तेव्हा किती वाजता कुठे असायचं, हे आधी ठरवा. गाडीत काय भरायचं ते नंतर.

आमचा मार्ग असा : कोल्हापूर, बालिंगा, कळे, मांडुकली, असळज, गगनबावडा (मुक्काम), तिथून करूळ घाटाने वैभववाडी, तळेरे, कणकवली, कसाल, मालवण (मुक्काम), परतताना कणकवलीहून फोंडा घाट, दाजीपूर, राधानगरी, परिते, कोल्हापूर.

कोल्हापूर ते गगनबावडा : धुकं आणि ऊस

साधारण ५५ किलोमीटरचा हा टप्पा कागदावर सगळ्यात सोपा, पण आम्हाला सगळ्यात जास्त काळजी इथेच घ्यावी लागली. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की रात्री जमीन भराभर निवते, थंड हवा जड होऊन खोलगट भागात उतरते आणि नदीकाठच्या ओलाव्याचं धुकं होतं. भोगावती आणि कुंभीच्या काठची ऊसशेती पाणी पाजलेली असते, त्यामुळे ओलाव्याला तोटा नाही. नदीचं पाणी हवेपेक्षा उबदार असल्याने पात्रातूनही वाफ उठते. म्हणूनच पुलांवर धुकं अचानक दाट होतं. शंभर मीटर आधी रस्ता स्वच्छ होता म्हणून पुलावरही तसाच असेल असं धरू नका. कुठे पाचट पेटवलेलं असलं की धूर याच थंड थरात अडकतो आणि धुकं राखाडी, डोळ्यांना झोंबणारं होतं.

जानेवारीत सूर्य सातच्या पुढे उगवतो. उजाडलं की धुकं विरेल असं वाटतं, पण पहिल्या उन्हाने खालची हवा ढवळली जाते आणि धुकं थोडा वेळ आणखी दाटतं. सात ते साडेआठ हा वेळ काही वेळा पहाटे पाचपेक्षाही वाईट असतो. आम्ही साडेआठनंतर निघालो, तरी कळ्याच्या अलीकडे रस्त्यालगतच्या शेतात धुकं तरंगतच होतं.

त्यातच हा गळीत हंगाम. कुडित्रे, असळज अशा कारखान्यांकडे दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, ट्रक आणि बैलगाड्या दिवसरात्र चालू असतात. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना ऊस बाहेर आलेला असतो, त्यामुळे मागून ट्रॉलीची रुंदी जेवढी दिसते त्यापेक्षा ती जास्त असते. मागचा दिवा बहुधा नसतो किंवा वाड्याआड (उसाच्या शेंड्यांआड) गेलेला असतो. एखादं चाक बसलं की भरलेली ट्रॉली रस्त्यातच उभी राहते आणि इशारा म्हणून मागे एक-दोन दगड किंवा झाडाची फांदी ठेवलेली असते. धुक्यात रस्त्यावर फांदी दिसली तर ती वाऱ्याने पडली असं समजू नका. पुढे वाहन उभं आहे असंच धरा आणि ब्रेकवर पाय ठेवा. सांडलेला ऊस, चिखल आणि दव यांनी कारखान्याच्या फाट्यांवर रस्ता निसरडा असतो. दुचाकीवाल्यांनी तिथे वळताना पुढचा ब्रेक दाबायचा नाही.

वेगाचा हिशेब सोपा आहे. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. समोरचं दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड-दोन सेकंद जातात, म्हणजे ३० मीटर तर नुसते पाहण्यातच संपले. पुढे गाडी थांबायला आणखी २५ ते ३० मीटर. दृष्टीच्या टप्प्यात ५० मीटरच रस्ता असेल तर ६० ला तुमची धडक ठरलेली आहे. ४० च्या आत राहा, ३० मीटरच दिसत असेल तर ३० च्या आत, तेही थांबायला जागा मिळेपर्यंतच. हवामान खात्याच्या भाषेत ५० ते २०० मीटर म्हणजे दाट धुकं आणि ५० च्या खाली अतिदाट. अतिदाट धुक्यात गाडी चालवण्यासारखं कोणतंही काम नसतं, थांबा.

दिवे खालच्या झोताचेच ठेवा. वरचा झोत धुक्याच्या थेंबांवर आपटून डोळ्यांत परत येतो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही उभे आहात की वळताय ते कळत नाही. रस्त्याच्या डाव्या कडेची पांढरी रेघ धरून चाला. मधल्या रेघेला चिकटून चालणारे समोरासमोर येतात. थांबायचंच असेल तर डांबर सोडून पूर्ण बाहेर, शक्यतो पेट्रोल पंपावर किंवा हॉटेलच्या आवारात. आणि थांबलेल्या गाडीत बसून राहायचं नाही, माणसांनी रस्त्यापासून लांब उभं राहायचं.

या पट्ट्यातल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण अंतर वाचवण्यासाठी पुष्कळ जण त्यांवरून पलीकडे जातात. पावसाळा सरला की बंधाऱ्यांत बरगे (आडव्या फळ्या) घालून पाणी अडवतात. माथा अरुंद, बहुतेक ठिकाणी कठडा नाही, आणि पहाटे दवाने शेवाळ ओलं झालेलं. धुक्यात बंधाऱ्यावर दुचाकी घालूच नका. पोहायची हौस असेल त्यांनीही एक लक्षात ठेवावं : वरच्या बाजूला पाणी संथ दिसतं, पण बरगा निघालेल्या किंवा फटी पडलेल्या गाळ्याकडे त्याची जबर ओढ असते आणि माणूस तिथे चिकटला की वरून ओढूनही निघत नाही. खालच्या बाजूला कोसळणारं पाणी उलटं फिरतं आणि तरंगणारी वस्तू पुन्हा पुन्हा धारेखाली नेतं. शिवाय धरणातून शेतीसाठी आवर्तन (पाळीचं पाणी) सुटलं की आभाळात ढग नसतानाही नदी चढते. सकाळी कोरडा असलेला दगड दुपारी पाण्याखाली गेला, तर सामान आवरून काठावर या.

गगनबावड्याची रात्र

कोल्हापूर शहराचं जानेवारीतलं किमान तापमान सरासरी १५ अंशांच्या आसपास असतं, थंडीच्या लाटेत १० ते ११ पर्यंत उतरतं. हा आकडा हिमालयवाल्यांना किरकोळ वाटेल. पण भिजलेल्या अंगाला १० अंश आणि वारा एवढं पुरतं. दुचाकीवर १० अंशांत ताशी ६० ने निघालात तर उघड्या कातडीला ती थंडी ५ अंशांसारखी लागते. बोटं बधिर झाली की ब्रेक आणि क्लचचा अंदाज जातो.

तंबू टाकायचा असेल तर जागा निवडताना बहुतेक जण ओढ्याकाठची सपाटी शोधतात. तीच टाळायची. उतारावरची थंड हवा रात्री तिथेच येऊन साचते, त्यामुळे तळ आणि थोडी वरची सोंड यांच्यात सहज काही अंशांचा फरक पडतो. ओढ्यापासून २०–३० मीटर उंच, वाऱ्याच्या आड आणि झाडाखाली असलेली जागा बरी. झाडाखाली दवही कमी पडतं. कड्याच्या टोकाला तंबू नको. माथ्यावरचं वाळलेलं गवत चपलेखाली बर्फासारखं घसरतं आणि अंधारात कडा कुठे संपतो ते कळत नाही.

अंगाला चिकटून सुती कपडा नको. घाम आणि दव पिऊन तो ओला राहतो. आत पॉलिएस्टर किंवा लोकर, मधे स्वेटर, वर वारा अडवणारं जाकीट आणि झोपताना घालायला एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून वेगळा. आपल्याकडचं घोंगडं यासाठी उत्तम आहे, थोडं ओलसर झालं तरी ऊब धरतं. अंथरुणाखाली जाड थर हवा, कारण जमीन पांघरुणातून येणाऱ्या हवेपेक्षा जास्त ऊब खेचते.

कुणी खूप कुडकुडायला लागलं, चेन लावता येईना, बोलताना जीभ जड झाली, तर ती नुसती थंडी नाही. ओले कपडे काढा, कोरडं गुंडाळा, जमिनीपासून उचलून बसवा, शुद्धीत असेल तर गरम गोड चहा द्या. हातपाय चोळू नका, दारू अजिबात नको. कुडकुडणं थांबलं आणि माणूस गुंगीत गेला तर तो बरा होत नाहीये, ताबडतोब १०८ ला फोन करा. बंद खोलीत किंवा तंबूत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. तिच्या वायूला वास नसतो आणि त्यातून जाग येत नाही.

करूळ घाट

सकाळी नऊनंतर उतरा. निघण्यापूर्वी घाट चालू आहे का ते गगनबावड्यातच विचारा. तो बंद असेल तर भुईबावडा घाट आहे, पण तो अरुंद. टायरची हवा थंड असतानाच तपासा, तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की दाब साधारण एक पीएसआयने कमी होतो. उतरताना दुसऱ्या गिअरमध्येच राहायचं, ब्रेक टेकवून ठेवायचा नाही. माथ्यावर रात्रभर उभी असलेली गाडी खालच्या दमट हवेत शिरली की काच बाहेरून धुरकटते. आतून फडक्याने पुसून उपयोग होत नाही, वायपर चालवा. आतून धुरकटली असेल तर एसी लावा. कोणती बाजू आहे ते बोट फिरवून आधी बघा.

मालवण, तारकर्ली, देवबाग

हिवाळ्यात सकाळचा समुद्र शांत दिसतो. रात्रभर जमिनीकडून मतलई वारा वाहतो आणि किनाऱ्याजवळ पाणी सपाट ठेवतो. दुपारनंतर खारे वारे वायव्येकडून जोर धरतात. त्यात ओहोटीची वेळ जुळली की काय होतं ते देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी दिसतं : पाणी बाहेर धावतं, वारा आत लोटतो आणि दोघांच्या झुंजीत लाटा आखूड, उंच आणि उभ्या होतात. लहान बोटीला त्या सगळ्यात वाईट.

भरतीची वेळ काढायला कोकणातला जुना हिशेब पुरतो. तिथीच्या आकड्याला तीनने गुणा आणि चारने भागा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. त्यापुढे सहा तास ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरायचा. सर्वांत मोठं उधाण पौर्णिमेला न येता तिच्यानंतर एक-दोन दिवसांनी येतं. आम्ही कृष्ण तृतीयेला तिथे होतो, म्हणजे भरती सव्वादोनला आणि ओहोटीचा जोर चार ते सहाच्या दरम्यान. नेमकी हीच सूर्यास्त बघायला देवबागच्या संगमावर जाण्याची वेळ. आम्ही संगम आणि सिंधुदुर्ग किल्ला दोन्ही सकाळी नऊ ते बारामध्ये उरकले. तुमची तिथी वेगळी असेल तर गणितही वेगळं येईल, ते घरून निघतानाच करा.

लाइफ जॅकेट नुसतं गळ्यात अडकवून चालत नाही. सगळे पट्टे आवळा आणि खांद्यांना धरून कुणाला तरी वर ओढायला सांगा. हनुवटीच्या वर सरकलं तर ते पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. बोटीत माणसं जास्त झाली असतील तर पुढच्या बोटीला थांबा.

पोहताना बाहेर ओढ लागली तर किनाऱ्याकडे झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत जा आणि ओढ संपल्यावर आत वळा. दोन लाटांच्या फुटण्यात जिथे सपाट, गढूळ पट्टा दिसतो, तिथेच ती ओढ असते.

डिसेंबरात वादळं होत नाहीत असं धरू नका. ३ डिसेंबर २०१७ ला पौर्णिमा होती आणि त्याच दिवसांत ओखी चक्रीवादळ अरबी समुद्रात होतं. केरळ-तामिळनाडूच्या मासेमारी बोटींनी तेव्हा देवगड बंदरात आसरा घेतला होता. दूरच्या वादळाच्या लाटा वाऱ्याच्या आधी पोचतात, म्हणून आभाळ निळं आणि वारा नसतानाही समुद्र फुगलेला असू शकतो. किनाऱ्यावर उभं राहून दोन मोठ्या लाटांमधले सेकंद मोजा. एरवी ते पाच ते आठ असतात; बारा-चौदा भरले तर लाटा लांबून येताहेत, पाण्यात आणि खडकांवर जाऊ नका. बंदरावर तीन नंबरचा बावटा (वादळी वाऱ्याचा इशारा) लागला असेल तर प्रश्नच मिटला. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा जिल्हावार इशारा आणि इन्कॉइस या समुद्राचा अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज पाहायची सवय ठेवा.

फोंडा घाट, दाजीपूर आणि घर

जानेवारीत साडेसहाच्या आत सूर्य मावळतो. फोंडाघाट गावातून साडेतीनपर्यंत वर निघालं तर दाजीपूरचं जंगल उजेडात संपतं. हा रस्ता राधानगरी अभयारण्यातून जातो आणि संध्याकाळी गवे रस्ता ओलांडतात. रंग काळपट, अंगावर दिव्याचा उजेड टिकत नाही, धुकं असेल तर दहा-पंधरा मीटरवर येईपर्यंत कळतही नाही. एक दिसला की थांबा आणि मागचा कळप जाईपर्यंत थांबून राहा. हॉर्न नको, वरचा झोत नको, खाली उतरून फोटो तर नकोच.

राधानगरीच्या पुढे परितेपर्यंत पुन्हा भोगावतीचं खोरं आणि उसाच्या ट्रॉल्या. अंधार पडल्यावर इथे हळूहळू धुकं धरायला लागतं, म्हणून आठच्या आत हा टप्पा संपवा. ते जमत नसेल तर राधानगरीतच मुक्काम करा.

घाटात आणि दाजीपूरच्या जंगलात मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही, त्यामुळे क्रमांक कागदावर लिहून गाडीत ठेवा : ११२ पोलिस, १०८ रुग्णवाहिका, १०७७ जिल्हा आपत्ती कक्ष, १५५४ तटरक्षक दल. रेंज आल्यावर सांगताना मागच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि गाडीचं तोंड कोणत्या गावाकडे आहे ते आधी सांगा. घाटात ‘वळणापाशी’ म्हटल्यावर कुणालाच जागा सापडत नाही.