हेफे संपली, पेरू-मिरची आहे

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. शुक्रवार होता, आम्ही चौघं कॉलेजपासूनचे मित्र नेहमीप्रमाणे आमच्या ठरलेल्या मायक्रोब्रुअरीत, म्हणजे जिथे बीअर तिथेच बनवून विकतात अशा ठिकाणी, जाऊन बसलो, नेहमीचा पोरगा ऑर्डर घ्यायला आला, मी मेनू न बघताच म्हटलं चार हेफे आण (हेफे म्हणजे हेफेवायझन, जर्मन पद्धतीची गव्हाची गढूळ बीअर), तर तो जरा अवघडून म्हणाला, "सर, हेफे संपलीये, पुढच्या आठवड्यात येईल. पेरू-मिरची नवीन आलीये, सॅम्पल आणू?"

आणलं त्याने. आता ती बीअर वाईट होती असं मी अजिबात म्हणणार नाही. ग्लास नाकाशी नेला की पिकलेल्या पेरूचा वास, आणि घोट गिळल्यावर मागून हळूच तिखट, म्हणजे शाळेच्या फाटकाबाहेर चार फोडी करून तिखटमीठ लावून मिळायचा ना तो पेरू, अगदी तोच. चौघांनीही "अरे भारी आहे" म्हटलं, चौघांनी एकेक ग्लास घेतला, आणि दुसरा कोणीच मागवला नाही. एरवी साडेदहापर्यंत बसणारे आम्ही साडेआठला बिल मागितलं.

त्या ठिकाणी माझा भाचा ब्रुअर आहे, म्हणजे बीअर तोच बनवतो. जागेचं नाव देत नाही, कारण पुढे जे लिहितोय त्यात थोडी तक्रार आहे आणि ती त्यांच्या तोंडावर करून झालेली आहे. दुसऱ्या दिवशी त्याला फोन केला. म्हटलं अरे, हेफे संपते कशी? तर तो म्हणाला, "मामा, टाकीच नव्हती रे."

मला वाटायचं नवीन बीअर करणं म्हणजे हॉटेलच्या मेनूत एक पदार्थ वाढवण्यासारखं असेल, करून बघितला, चालला तर चालला. तसं नाहीये. त्यांच्याकडे आठ टाक्या आहेत, हजार-हजार लिटरच्या. एकदा बीअर टाकीत गेली की तयार होऊन संपेपर्यंत ती टाकी अडकली. हेफेवायझन लवकर होते, दहा-बारा दिवसांत ग्लासात येते, आणि खपतेही लवकर. लागरला, म्हणजे बाटलीत मिळते तसल्या पिवळ्या आरपार बीअरला, मात्र थंडीत मुरावं लागतं, चार-पाच आठवडे. म्हणजे एका लागरच्या वेळात तीच टाकी तुम्हाला तीन वेळा हेफे देऊ शकते. आणि पेरू-मिरची? ती झाली वेळेत, पण संपेना. हजार लिटर म्हणजे अर्ध्या लिटरचे दोन हजार ग्लास! प्रत्येक टेबल सॅम्पल मागवणार, फोटो काढणार, एखादा ग्लास घेणार आणि मग विचारणार हेफे आहे का. आणि हेफे नाही, कारण तिच्या टाकीत पेरू बसलाय.

पण टाकी हा अर्धाच भाग. उरलेला भाग त्याने मला नंतर एका रविवारी आईकडे जेवायला जमलो होतो तेव्हा सांगितला, आणि तो ऐकून मी खरंच गप्प झालो.

हेफेला जो केळ्याचा आणि लवंगेचा वास असतो तो येतो यीस्टमधून. त्यात केळंही नाही आणि लवंगही नाही, पाणी, गव्हाचं आणि बार्लीचं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), थोडे हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) आणि ते एक विशिष्ट यीस्ट, एवढंच. टाकीचं तापमान थोडं कमी ठेवलं, सतरा-अठराच्या आसपास, तर लवंग पुढे येते, वीस-बावीसला गेलं तर केळं. शिवाय धान्य भिजवताना सुरुवातीला चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर थोडा वेळ थांबलं तर लवंगेचा वास ज्यातून बनतो तो पदार्थ धान्यातून जास्त सुटतो. आणि हे यीस्ट दर वेळी नवीन पाकीट फोडून घालत नाहीत. एका बॅचमधून काढायचं, दुसरीला लावायचं, मग तिच्यातून तिसरीला. आपण विरजण ठेवतो ना तसं. काही पिढ्या झाल्या की बदलायचं, तोवर ते चालत राहतं, पण त्यासाठी ते कामात राहायला लागतं. त्या डिसेंबरात हेफे तीन आठवडे टाकीत लागलीच नाही, बाजूला काढून ठेवलेलं यीस्ट मरगळलं, आणि पुढची बॅच जी आली तिच्यात केळं जवळजवळ नव्हतं, वर सुरुवातीला थोडा गंधकासारखा वास. मी ती प्यायलो होतो. मला वाटलं होतं माझीच सर्दी.

"आजी विरजण मोडू देत नाही बघ," भाचा म्हणाला, "गावाला गेली तरी शेजारच्या काकूंकडे वाटीभर ठेवून जाते. आम्ही नेमकं तेच विसरलो."

नेहमीची बीअर करायला डोकं लागत नाही, खरा कस नव्या बीअरमध्ये लागतो, असं बरेच जण धरून चालतात, आणि मी पण तसाच विचार करायचो. आता माझं मत बरोबर उलटं झालंय. पेरू-मिरची पहिल्यांदा कशी लागायला हवी हे कोणालाच माहीत नसतं, त्यामुळे जी होईल ती बरोबर. हेफे मात्र माझ्यासारखे दोनशे लोक जिभेवर पाठ करून बसलेत. माल्टची नवीन गोणी, उन्हाळ्यात नळाचं बदललेलं पाणी, लोडशेडिंगमध्ये चिलर बंद पडलेला, काही झालं तरी ती तीच लागली पाहिजे. हे जो पंधरा दिवसांनी पंधरा दिवसांनी वर्षभर करू शकतो तो ब्रुअर मला मोठा वाटतो.

आणि तरीही मी नव्याच्या विरुद्ध नाहीये, कसा असेन, कारण हेफे हीच एकेकाळी आपल्याकडे सगळ्यात विचित्र बीअर होती. २००९ साली पुण्यात डूलाली सुरू झाली, महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी. (ते नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आलेलं आहे, तिथल्या छावणीत परतीच्या जहाजाची वाट बघत महिनोन्‌महिने अडकलेल्या गोऱ्या सोल्जरांचं डोकं फिरायचं म्हणून वेड लागण्याला इंग्रजीत डूलाली म्हणायला लागले.) तेव्हा आम्हाला बीअर म्हणजे बाटलीतली, पिवळीधमक, आरपार दिसणारी, दात ठणकतील इतकी गार. आणि समोर आला हा गढूळ ग्लास. आमच्यातला एकजण तर म्हणाला खराब झालीये, परत कर. केळ्याचा वास येतोय म्हणे. त्याच माणसाला आज हेफे नसली की घरी जावंसं वाटतं! म्हणजे आजची भरवशाची बीअर ही कालची प्रयोगाचीच असते, फक्त कोणीतरी ती नेटाने पुन्हा पुन्हा तशीच करत राहिलेलं असतं, लोकांची जीभ तिच्यापर्यंत पोचेस्तोवर.

अमेरिकेत अलगॅश नावाच्या ब्रुअरीची गोष्ट थोडीफार हीच आहे. मेन राज्यातल्या पोर्टलँडमध्ये रॉब टॉड याने १९९५ मध्ये बेल्जियन पद्धतीची गव्हाची बीअर काढली, अलगॅश व्हाइट, धणे आणि संत्र्याची साल घातलेली, गढूळ. तिथेही तेव्हा ती लोकांना नवखीच होती. आज ती त्यांची मुख्य बीअर आहे, आणि तिच्या जिवावर त्यांनी २००७ मध्ये कूलशिप बांधली, म्हणजे एक उघडी पसरट टाकी, तिच्यात गरम वर्ट (धान्य भिजवून काढलेलं गोड पाणी, ज्याची पुढे बीअर होते) रात्रभर ठेवायचं आणि हवेतून जे यीस्ट पडेल त्यावर ते आंबू द्यायचं, मग लाकडी पिंपात वर्षं-दोन वर्षं. इतकी जोखमीची, इतकी हळू होणारी बीअर करायची हिंमत येते कारण पलीकडे व्हाइट रोज विकली जातीये.

मला सगळ्यात जास्त आवडतो तो मात्र अँकरचा मार्ग. सॅन फ्रान्सिस्कोची जुनी ब्रुअरी, बंद पडायला आली होती, १९६५ मध्ये फ्रिट्झ मेटॅगने घेतली आणि त्यांची स्टीम बीअर पुन्हा उभी केली. स्टीम वर्षभर तीच. आणि १९७५ पासून दर नाताळला एक वेगळी एल (लागरपेक्षा उबदार तापमानात आंबवलेली बीअर), जिची रेसिपी दर वर्षी बदलायची आणि लेबलवरचं झाडसुद्धा. लोकांना पक्कं माहीत असायचं की बदल कधी येणार आणि कुठे येणार, बाकी अकरा महिने त्यांच्या ग्लासातली बीअर कोणी बदलणार नाही. माझा एक वर्गमित्र वीस वर्षं तिकडे आहे, तो दर डिसेंबरात त्या नव्या झाडाचा फोटो ग्रुपवर टाकायचा. २०२३ च्या जुलैत अँकर बंद होतेय अशी बातमी आली तेव्हा त्याने फक्त स्टीमच्या बाटलीचा फोटो टाकला, खाली काही लिहिलं नाही. पुढच्या वर्षी ती ब्रुअरी नव्या मालकाने विकत घेतली, बघू.

त्याच २०२३ च्या जानेवारीत न्यू बेल्जियम या अमेरिकन ब्रुअरीने त्यांच्या फॅट टायर या बीअरची रेसिपी बदलली होती, जिच्यावर ती ब्रुअरी उभी राहिली ती अंबर, म्हणजे तांबूस, एल आता जास्त हलकी आणि सोनेरी झाली. धंद्याची कारणं असतील त्यांची. पण नाव तेच ठेवून आतली बीअर बदलणं मला पटत नाही. नवीन करायचंय तर नवीन नाव द्या ना, मी येऊन पिईन.

बरं, आपल्याकडच्या प्रयोगांकडे येतो, कारण काही इतके सुंदर आहेत की ते व्हायलाच हवे होते. बंगळुरूच्या टॉइट या मायक्रोब्रुअरीची बासमती ब्लाँड घ्या, तांदळाने बीअर हलकी होते हे ब्रुअर लोकांना आधीपासून माहीत होतंच, यांनी बासमती घेतला आणि ती त्यांच्या कायमच्या यादीतच जाऊन बसली. पुण्याच्या ग्रेट स्टेट एलवर्क्सने (नावाचा शब्दशः अर्थ लावा, महा आणि राष्ट्र) खारवलेल्या कोकमाची एल केली. कोकम मला फार नैसर्गिक वाटतं. जर्मनीत गोझ नावाची जुनी आंबट बीअर आहे, गोस्लार गावची, नंतर लाइपझिगला रुजलेली, तिच्यात गहू, धणे आणि चक्क मीठ असतं. आंबट, खारट, धणे. कोकणातल्या माणसाला हे शिकवायची गरज नाही. माझ्या भाच्याने मागच्या मे महिन्यात हीच केली, आणि सुकी आमसुलं घ्यायची की आगळ यावर आजीशी दोन दिवस चर्चा केली. आजी म्हणाली आगळ घे, पण त्यात मीठ असतं, तू वरून घालू नकोस. बरोबर होतं तिचं! त्याने पहिल्या छोट्या बॅचला पुस्तकातलं मीठ घातलं आणि वर आगळ, ते समुद्राचं पाणी झालं. दुसऱ्या वेळी मीठ काढलं.

यातही हेफेचा विचार करावा लागतो. गोझ आंबट होते ती लॅक्टोबॅसिलसने, दह्यातल्याच घराण्यातला जंतू. तो एकदा पाइपांत, व्हॉल्व्हमध्ये शिरून बसला तर उद्या हेफेही आंबट. म्हणून भाचा उकळायच्या भांड्यातच वर्ट कोमट ठेवून एक-दोन दिवस आंबवतो, मग खळाखळा उकळून जंतू मारतो, आणि मगच पुढे यीस्टच्या टाकीत पाठवतो.

आंब्याचं मात्र मला अजून पटलेलं नाही. मे उजाडला की सगळीकडे मँगो बीअर. आंब्याचा गोडवा यीस्ट खाऊन टाकतं, वास बुडबुड्यांबरोबर उडून जातो, आणि उरतं ते हापूसचं नाव आणि एक पातळसर आंबूस चव. मग काहीजण शेवटी गार टाकीत रस ओततात, ती चांगली लागते, पण मग मी सरळ आमरस खाईन.

आता त्या ठिकाणी व्यवस्था बदललीये. दोन टाक्या हेफेच्या, त्यांना काही झालं तरी हात लावायचा नाही, एक रिकामी होत आली की दुसरी तयार पाहिजे, म्हणजे यीस्टही हलतं राहतं. आणि दोनशे लिटरची एक छोटी टाकी घेतली, सगळे खेळ तिच्यात. छोटी बॅच आठवड्यात संपली आणि लोकांनी दुसरा ग्लास मागवला तरच ती मोठ्या टाकीत जाणार. भाचा सॅम्पल किती गेले ते बघतच नाही आता, दुसरा ग्लास किती जणांनी घेतला तेवढंच वहीत लिहितो. पेरू-मिरची या हिशोबात बसली नाही. कोकम बसलं, या मे महिन्यात ती मोठ्या टाकीत लागणार आहे.

परवा शुक्रवारी गेलो होतो. हेफे होती, केळं जागेवर होतं. दुसरा ग्लास येता येता भाचा स्वतः बाहेर आला आणि माझ्यासमोर एक छोटा ग्लास ठेवला, फिकट, फेस जवळजवळ नाही. ज्वारीची. ज्वारीचा स्टार्च सुटायला बार्लीपेक्षा जास्त उष्णता लागते म्हणून आधी वेगळी शिजवून घ्यावी लागली, "आंबिलीसारखी" म्हणाला. मी दोन घोट घेतले. मागे भाकरीच्या तव्यासारखा एक छान खरपूस वास होता, पण मधे काहीच नव्हतं, पाणचट. तसं त्याला सांगितलं. म्हणाला, "हो रे, मला पण तेच वाटलं, पुढच्या वेळी थोडी ज्वारी भाजून बघतो," आणि ग्लास उचलून आत गेला.